चौघांचा जबाब

आमची ही गेली त्याला आता वर्ष होत आलं. जाण्याआधी तिनं मला एक काम सांगितलं होतं. चार माणसं खरं बोलतात की फेकतात, एवढं बघून सांगायचं. मी "बघू" म्हणालो आणि ती गेली. त्या "बघू"मध्ये मी अडकून बसलोय, म्हणून हे लिहायला घेतलं. शाळा चौथीपर्यंत. तेव्हा अक्षर आणि शुद्धलेखनाची अपेक्षा वाचणाऱ्यानं ठेवू नये. खोटं मात्र लिहिणार नाही.

काम माझ्याकडे का आलं ते सांगतो. चौतीस वर्षं मी गावचा कोतवाल होतो. कोतवाल म्हणजे तलाठ्याचे पाय आणि फौजदाराचे कान. दवंडी द्यायची, चावडी झाडायची, दप्तर उचलायचं, विहिरीत कुणी सापडलं तर पोलीस येईपर्यंत प्रेताशेजारी बसायचं, आणि पंच कमी पडला की पंचनाम्यावर सही ठोकायची. काही पंचनामे मी बघितलेही नाहीत. बाभळीखाली झोपलो होतो, उठवून सही घेतली. तेव्हा साक्षीदार ही काय चीज असते ते मला शिकवायला कुणी नको.

एकदा फाट्यावर उसाची ट्रॉली उलटली. साक्षीदार चार. चौघंही म्हणाले, "ट्रॅक्टर भरधाव वेगाने व निष्काळजीपणे येत होता." शब्दाला शब्द. फौजदार माझ्याकडे बघून हसला. आमच्या माण तालुक्यात "निष्काळजीपणे" असं कुणी जन्मात बोललेलं नाही. पुढं निघालं की चौघं आदल्या दिवशी एकाच ढाब्यावर एकाच पंगतीला जेवले होते. खऱ्या साक्षीदारांचं तसं नसतं. एक म्हणतो बैल पांढरा होता, दुसरा म्हणतो तांबडा, तिसरा म्हणतो बैल कुठला, गाय होती ती. पण शिंग कुणाच्या मांडीत घुसलं यावर तिघांचं एकमत असतं. फौजदार म्हणायचा, "कडंला फाटलेलं चालतं. मधी फाटलं की टाकून दे." माझं सगळं कायद्याचं शिक्षण एवढंच.

तर हिचं पोटाचं दुखणं. दहिवडी झालं, सातारा झालं, शेवटी मिरजेला नेलं. तिथल्या दवाखान्यात एक सिस्टर होती, जत तालुक्याकडची, ख्रिस्ती. तिची पाळी दुपारी संपायची. घरी जायच्या आधी हिच्या खाटेशी दहा मिनिटं बसून ती शुभवर्तमान, म्हणजे बायबलातली येशूची कथा, वाचून दाखवायची. हिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकायला आवडायचं. ऐकून गप्प मात्र बसायची नाही. येशू एका घरी जातो, तिथल्या दोन बहिणींपैकी एक चुलीपुढं राबते आणि दुसरी त्याच्या पायाशी ऐकत बसते, अशी एक हकिकत आहे. ही ऐकून म्हणाली, "आनि बोलनी कुनाला? राबनारीला! सिस्टर, येवडं मातूर खरं हाय बगा. घरोघरी त्येच." सिस्टरला एवढं हसू आलं की शेजारच्या खाटेवरची बाई जागी झाली.

एका दुपारी सिस्टर गेल्यावर ही मला म्हणाली, "आवं, ऐकलासा का?"

"काय?"

"एकाच मानसाची कथा चौघांनी लिवलीया. येगयेगळी. सिस्टर म्हनती समदं खरं हाय."

"मग आसंल."

"आसंल काय? तुमी जल्मभर लोकांचं जबाब ऐकल्यासा. ह्या चौघांचं बी बगा की. खरं बोलत्यात का फेकत्यात."

"मेलेला उठला म्हंत्यात न्हवं? मग फेकत्यात."

"वाचल्याबिगर?"

"वाचायला कशाला पायजे?"

"मग तुमी पंच न्हवं, सरपंचाचा मेव्हना हायसा."

वर ती म्हणाली, "मी जायच्या आदी सांगा." मी म्हणालो, "बघू." अकरा दिवसांनी ती गेली. मी तोवर पहिलं पानही उघडलं नव्हतं.

तेराव्यानंतर दवाखान्यातली पिशवी उघडली. तिचं लुगडं, स्टीलचा पेला, फणी आणि सगळ्यात खाली ते पुस्तक. सिस्टरनं घातलेलं असणार. मी पुस्तक घेऊन पडवीत बसलो आणि बोट ठेवून वाचायला लागलो. दुसरं कामही नव्हतं. घरात माणूस नसलं की भिंती अंगावर येतात. त्यापेक्षा पुस्तक बरं.

पहिल्याच पानावर वंशावळ! याचा तो, त्याचा तो, असं पानभर. मला बरं वाटलं. वारसनोंदीपासून सुरुवात करणारा माणूस महसूल खात्यातला असणार. पुढं मला कळलं की पहिला लिहिणारा खरंच जकात वसूल करायचा. त्या चौघांची नावं पुस्तकावर आहेत, पण मी कोतवाल. साक्षीदाराला मी नंबरच देतो.

तिसऱ्या नंबरच्या साक्षीदारानं पण वंशावळ दिली आणि तिथं घोळ निघाला. येशूचा आजोबा पहिल्याच्या कागदात एक, तिसऱ्याच्या कागदात दुसरा. मी दोन दिवस खूश होतो. सापडले लेकाचे! मग आठवलं, आमच्या भावकीत एकाला दोन बाप आहेत. एक जन्माचा, एक दत्तकाचा. जमिनीच्या दोन्ही गटांच्या उताऱ्यावर दोघांचीही नावं आहेत आणि कुणी त्याला खोटा म्हणत नाही. नुसता भाऊ त्याच्यावर दावा लावतो. तेव्हा मी हा मुद्दा बाजूला ठेवला.

मागच्या वर्षीचं कॅलेंडर उलटं करून त्यावर चार रकाने आखले. कोंबडा किती वेळा आरवला? तिघं म्हणतात एकदा, दुसरा म्हणतो दोनदा. गावाबाहेर आंधळे किती बसले होते? एक म्हणतो दोन, दोघं म्हणतात एकच, चौथ्याकडे ती हकिकतच नाही. पाच हजार लोकांना जेवायला घातलं ती हकिकत चौघांकडेही आहे. सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि रकाने बघून म्हणाली, "आबा, ह्ये काय काडलंय?"

"चौकशी."

ती आत गेली. आतून फोनवर बोलल्याचा आवाज आला. मुंबईला मुलाला सांगत असावी की म्हातारा कामातनं गेला.

गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. आमचा एक सोबती आहे, फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेला. पारावर गेलो तर लांबूनच ओरडला, "काय रं कोतवाला, बाटलास व्हय?"

"चौकशी चाललीया."

"कुनाची?"

"दोन हजार वर्सामागची केस हाय."

"आन् आरोपी जिता हाय का मेलेला?"

"गड्या, त्योच तर वाद हाय."

पारावरचे सगळे हसले. मीही हसलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच हसलो असेन. लगेच चोरी केल्यासारखं वाटलं आणि उठून घरी आलो.

वाचता वाचता एक गोष्ट नडली. त्या पाच हजारांच्या जेवणाला दुसरा साक्षीदार म्हणतो, लोक हिरव्या गवतावर बसले. हिरव्या! जेवण सांगायचं सोडून याला गवताचा रंग कशाला? सांगली-कऱ्हाडकडच्या माणसाला यात काही वाटणार नाही. त्यांच्याकडे बाराही महिने बांध हिरवा असतो. पण मी माणचा. आमच्याकडे गवत हिरवं असतं ते दीडदोन महिने, आणि त्या दीडदोन महिन्यांतलं लग्न असो नाहीतर भांडण, माणूस सांगताना म्हणणारच, "तवा गवात हिरवं हुतं बगा." बाकी वर्षभर कुसळं. चौथ्याचा जबाब काढला. तो रंग सांगत नाही, पण म्हणतो की तिथं पुष्कळ गवत होतं आणि सण जवळ आला होता. तो सण त्यांच्या पावसाळ्याच्या अखेरीला येतो, हे मला पुढं कळलं. म्हणजे एक रंग सांगतो, दुसरा महिना सांगतो, आणि दोघांना एकमेकांच्या कागदाची फिकीर नाही. ढाब्यावर जेवलेले साक्षीदार असं करत नाहीत.

चौथ्यानं आणखी एक केलंय. जाळ्यात मासे सापडले, तर एकशे त्रेपन्न असा आकडा लिहून ठेवलाय. कुणीतरी काठावर बसून ते मोजले असणार. थापा मारणारा "हजारभर" म्हणतो. एकशे त्रेपन्न म्हणणारा आमच्या मेंढक्याच्या जातीचा असतो. एक मेंढरू कमी पडलं तर रानभर हिंडणारा.

तरी समाधान होईना. मूळ कागद बघितल्याशिवाय कोतवालाचं समाधान होत नाही. सिस्टरला फोन केला. तिनं मिरजेतल्याच एका म्हाताऱ्या पाद्र्याचा पत्ता दिला. दहिवडीहून विटा, विट्याहून सांगली, सांगलीहून मिरज. पोचेपर्यंत कंबर गेली. पाद्री माझ्याच वयाचे, अंगात स्वेटर, शहरी बोलणं. मी पिशवीतून कॅलेंडर काढून त्यांच्या टेबलावर पसरलं. त्यांनी चष्मा पुसला, चारही रकाने वरपासून खालपर्यंत वाचले आणि म्हणाले, "बाबा, हे तुम्ही एकट्यानं केलंत?"

"मग काय तलाठी यील व्हय? मला सांगा, मूळ कागद कुठं हाय?"

"मूळ कागद उरलेले नाहीत."

"वाळवी?"

"वाळवी, आग, काळ. आपल्याकडे आहेत त्या नकला."

"नक्कल कुनी काडली? शिक्का हाय का?"

"शिक्का नाही. पण नकला एका ठिकाणच्या नाहीत. या देशात एक, त्या देशात एक, अशा पुष्कळ. काढणारे एकमेकांना ओळखतही नव्हते. त्या शेजारी शेजारी ठेवून पडताळतात."

हे मला पटलं. आमच्या चावडीचं एक दप्तर वाळवीनं खाल्लं होतं. तेव्हा लोकांनी घरोघरच्या पत्र्याच्या पेटीतनं जुने उतारे आणले. कुणाचा कोपरा फाटलेला, कुणाचा आकडा पुसलेला, पण सगळे मांडले तेव्हा कुणाचा बांध कुठं ते उभं राहिलं. फक्त एका उताऱ्यात एक विहीर जास्त निघाली. ती ज्याच्या शेतात निघाली त्याच्याच पेटीतला तो उतारा होता.

मी म्हणालो, "ह्यात कुनी हीर वाढवलीया का?"

त्यांना आधी कळेना. मी विहिरीची गोष्ट सांगितली. ते खूप हसले. मग त्यांनी पुस्तक उघडून दुसऱ्या साक्षीदाराचा शेवट दाखवला. तिथं कंस होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की सगळ्यात जुन्या प्रतींत एवढा भाग नाही.

"म्हंजे ही हीर मागनं खणली."

"तसं म्हणा."

"आन् त्ये तुमी सवता छापलंय?"

"लपवून काय करायचं?"

स्वतःची चूक स्वतःच्याच कागदावर छापणारी कचेरी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मी त्यांना आणखी एक विचारलं. एक बाई बारा वर्षं आजारी असते आणि येशूमुळं बरी होते. दुसरा साक्षीदार लिहितो की तिनं पुष्कळ वैद्य केले, त्यांच्या हातून हाल सोसले आणि दुखणं उलट वाढलं. तिसरा तीच हकिकत सांगतो, पण नुसतं म्हणतो की तिला कुणाकडून गुण आला नाही. वैद्यांनी हाल केले, दुखणं वाढवलं, हे गाळलं.

"असं का?"

पाद्री म्हणाले, "तिसरा स्वतः वैद्य होता, असं जुने लोक मानतात."

"मग बराबर हाय," मी म्हणालो. "डाक्टर डाक्टरला सांभाळून घेनारच."

निघताना मी म्हणालो, "ह्ये लिवलं कवा?"

"घटनेनंतर तीसचाळीस वर्षांनी. चौथ्यानं त्याहून उशिरा."

हे ऐकून परत माझं मन खट्टू झालं. चाळीस वर्षांनी? विट्यापर्यंत तेच डोक्यात होतं. चाळीस वर्षांनी माणसाला काय आठवतं? मग आमचं लग्न आठवलं. त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. ती म्हणायची, अक्षता पडल्या तेव्हा तुमी रडलासा. मी म्हणायचो, डोळ्यात धुरळा गेला होता. ती म्हणायची, जेवणात बुंदी होती. मी म्हणायचो, लापशी. ती म्हणायची, वरातीचा घोडा बसला. मी म्हणायचो, घोडा नव्हताच, तुझ्या मामाची घोडी होती आणि ती बसली नाही, पळाली. अठ्ठेचाळीस वर्षं दोन प्रत्यक्ष साक्षीदार एका छपराखाली राहून एका गोष्टीवर एकमत झालं नाही. पण लग्न झालं यावर वाद नव्हता. ती म्हणायची, "वाद आसता तर मी कवाच म्हायारी गेली आसती."

आणि आता दुसरा साक्षीदारच गेला. बुंदी की लापशी, आता मी म्हणेन ते खरं. जिंकलो, पण त्याचं काही वाटत नाही.

जवळचं लिहिलेलं खरं असतं असंही नाही. ही गेली त्या दिवशी मुलाच्या दोस्तांनी फाट्यावर फ्लेक्स लावला. फोटो मतदार ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. त्यात ती फौजदारानं पकडून आणल्यासारखी दिसत होती. वय लिहिलं चौऱ्याहत्तर. पेपरात आलं बहात्तर. मृत्यूच्या दाखल्यावर एकाहत्तर. माणूस जाऊन दोन आठवडे झाले नाहीत, नवरा जिवंत, बहीण जिवंत, आणि तीन कागदांत तीन वयं. वर फ्लेक्सवर छापलं होतं: धार्मिक, शांत स्वभावाच्या व मनमिळाऊ. मनमिळाऊ! शेजारणीशी ती नऊ वर्षं बोलत नव्हती. कोंबडीवरनं झालेलं भांडण. आणि शांत स्वभावाची बाई नवऱ्याला सरपंचाचा मेव्हणा म्हणते का? मी फ्लेक्सखाली उभा राहून म्हणालो, "ही कोन बाई? माझी कुठाय?" लोकांना वाटलं, म्हातारा शोक करतोय.

पुस्तकातल्या चौघांनी असा फ्लेक्स लावलेला नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, वाचताना कळलं. येशूची माणसं बघा. वाटेत भांडतात की आपल्यात मोठा कोण. त्यानं जागं राहा म्हटलं तर झोपतात. त्याला धरायला शिपाई आले तर पळतात. एक जण तर अंगावरची चादर टाकून नागडा पळाला, तेही लिहून ठेवलंय. आणि त्यांचा जो म्होरक्या, तो एका मोलकरणीला भिऊन तीनदा म्हणतो की मी ह्याला ओळखत नाही. अहो, हेच लोक पुढं त्या धर्माचे पुढारी झाले. आमच्याकडच्या एखाद्या पुढाऱ्याबद्दल असं छापून दाखवा. छापखान्याला कुलूप लागेल.

एवढं सगळं झाल्यावर मी शेवटच्या भागाला आलो. थडगं. जीव तिथंच होता. कॅलेंडरवर नवीन चार रकाने पाडले. पहाटे थडग्याकडे गेलं कोण? पहिला म्हणतो दोन बाया, दुसरा म्हणतो तीन, तिसरा म्हणतो त्या आणि आणखी काही, चौथा म्हणतो एक. आत देवदूत किती? पहिल्या दोघांच्या मते एक, दुसऱ्या दोघांच्या मते दोन. मी चौथ्याला धरला. एकटी बाई गेली म्हणतोस? मग ती धावत येऊन म्हणते की त्याला कुठं ठेवलंय ते आम्हाला ठाऊक नाही. आम्हाला! एकटी गेलेली बाई आम्हाला म्हणेल का? म्हणजे त्याला बाकीच्या बाया ठाऊक होत्या, त्यानं एकीचीच हकिकत धरली. बाजारातनं आलेली बाई पण "मी गेलते" म्हणते आणि बरोबर सहा जणी असतात. कड फाटली होती. मधलं धडधाकट होतं. थडगं रिकामं, आणि बघणाऱ्या बाया.

इथं मी पेन खाली ठेवलं. बाया?

चौतीस वर्षांत मी एकदाही बाईला पंच केलेलं नाही. कुणीच करत नव्हतं. फौजदार म्हणायचा, "दोन पंच आन," म्हणजे दोन पटकेवाले आण. त्या काळात त्या देशात पण तीच तऱ्हा होती, असं पाद्र्यानं सांगितलं होतं. मग खोटं रचणारा बायांना कशाला पुढं करेल? त्यानं थडग्यापाशी एक पाटील, दोन रिटायर सुभेदार आणि एखादा हेडमास्तर उभा केला असता. मी केला असता. आणि पुढं तिसरा काय लिहितो, तर बाया सांगायला आल्या आणि बाप्यांना त्यांचं बोलणं वायफळ वाटलं. मानलं नाही.

ते वाक्य मी बोट ठेवून तीनदा वाचलं. पुढं वाचवेना.

ती गेली त्याच्या आदल्या वर्षी, ज्वारीच्या काढणीत, ही मला म्हणाली होती, "आवं, पोटात आत काय तरी हाय. दुखनं न्हवं, काय तरी हाय." मी म्हणालो, "आंबील पी." पुढच्या महिन्यात परत म्हणाली. मी म्हणालो, "बायकांचं काय तरी आसतंच." तिचंच पोट, तीच प्रत्यक्ष साक्षीदार, दुसरं कुणी आत जाऊन बघू शकत नव्हतं, आणि मी कोतवाल चौतीस वर्षांचा. तिचा जबाब मी फेटाळला. सात महिन्यांनी डॉक्टरनं सांगितलं तेव्हा मानला. डॉक्टर बाप्या होता.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला सांगितलंय की तिनं लपवलं. फ्लेक्सपेक्षा मोठी थाप.

आणि हे चौघं? ह्यांनी स्वतःच्या कागदावर लिहून ठेवलं की बायांनी सांगितलं, आम्ही मानलं नाही, आणि आम्ही चुकलो. असलं कुणी रचत नाही. मला ते जमलेलं नाही, म्हणून मला माहीत आहे.

परत मिरजेला गेलो. सिस्टर दुपारी बाहेर पडेपर्यंत बाकावर बसलो. मला बघून ती म्हणाली, "बाबा! किती वाळलात! काय ठरलं मग तुमच्या चौकशीचं?"

मी तिला सगळं सांगितलं. गवत, मासे, वंशावळ, आंबीलसुद्धा. मग म्हणालो, "सिस्टर, चौघं शिकवलेलं बोलत न्हाईत. बाया गेल्या हुत्या, थडगं रिकामं हुतं, येवडं मी धरतो. त्यो उठला का, ते मी सांगू शकत न्हाई. मी तितं नव्हतो. पर ज्यांनी सांगितलं त्यांनी सवताची अब्रू घालवून सांगितलंय. आमच्या हिला येवडंच सांगायचं हुतं. सांगायच्या आदी ती गेली. माझी चूक."

सिस्टर माझ्या शेजारी बाकावर बसली. म्हणाली, "बाबा, मावशी तुमच्या उत्तरासाठी थांबल्या नव्हत्या."

"म्हंजे?"

"मी सलाईन लावत होते तेव्हा मला म्हणाल्या, माझं काय ते ठरलंया, ह्यांच्या निकालावाचून माझं अडलं न्हाई. पर ह्यांस्नी मी काम लावलंया. रिकामं बसलं की ह्यो मानूस दोन म्हैन्यात माझ्या मागं यील. आनि तितं बी मला दर घटकंला च्या मागंल. जरा दमानं येऊ दे."

माझ्यातला कोतवाल जागा झाला. "तवा आनिक कोन हुतं?"

"कुणी नाही. तुम्ही औषधं आणायला गेला होता."

"लिवून ठिवलंय?"

"नाही हो."

"आज वर्सानं सांगतियास."

"तुम्ही आधी विचारलंच नाही," सिस्टर म्हणाली.

एकच साक्षीदार. लेखी नाही. दुजोरा नाही. वर्ष होत आलेलं. आणि बाई. आमच्या वेळी असला जबाब कुणी कागदावर घेतला नसता. पण मला दिवसाला सात चहा लागतात, आणि सातव्याला ही भांडी आपटायची, हे सिस्टरला ठाऊक असायचं कारण नव्हतं. दवाखान्यात मी तिच्यापुढं एकदाही चहा मागितला नव्हता, लाजेनं. हे तिला रचता आलं नसतं. आणि "तितं बी" म्हणाली. म्हणजे हिच्या मते तिथं काहीतरी आहे, मी तिथं पोचणार आहे, आणि चूल परत तिच्याच गळ्यात पडणार आहे.

मी सिस्टरला म्हणालो, "धरला जबाब."

येताना विट्याच्या स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली. मी दोन चहा प्यालो.